कार्ड जळलं नव्हतं

आज पापड-मसाल्याचं नाही, आमच्या गटाच्या लॅपटॉपचं सांगतो.

गटातल्या एका काकूंच्या मुलाने त्याचा जुना लॅपटॉप आम्हाला दिला. विंडोज त्यावर फार रेंगाळायचं, म्हणून त्याने लिनक्स मिंट टाकून दिलं आणि तो नोकरीला निघून गेला. लिनक्सही विंडोजसारखंच संगणक चालवतं, फक्त ते फुकट मिळतं. हिशेब लिहिणं झकास सुरू झालं. पण वायफायची यादीच येईना! ग्रामपंचायतीचं वायफाय मोबाईलला लागायचं, लॅपटॉपला नाही. पापडाचं बिल ईमेलने पाठवायला तालुक्याला जावं लागे.

दुरुस्तीवाला म्हणाला, "कार्ड जळलंय, २५०० रुपये लागतील." आम्ही ११ जणी, महिन्याला शंभर-शंभर टाकतो. म्हणजे दोन महिन्यांची सगळी बचत देऊन वर ३०० रुपये. आम्ही लॅपटॉप उचलला आणि घरी आणला.

आधी आमचंच चुकलं. विंडोजचा ड्रायव्हर आणून दाबत बसलो. तो लिनक्सवर तसा चालत नाही. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि संगणक यांच्यातला दुभाषा, आणि ज्याची भाषा त्यालाच लागते. मग त्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, आधी कार्डाचं नाव विचारा."

टर्मिनल नावाची खिडकी उघडून त्यात एल, एस, पी, सी, आय ही पाच अक्षरं लहान लिपीत लिहायची आणि एंटर दाबायचं. मोठी यादी येते. तिच्यात नेटवर्क कंट्रोलर या ओळीत आमचं कार्ड होतं, ब्रॉडकॉमचं. जळलेलं कार्ड बहुतेक वेळा यादीत येतच नाही. ब्रॉडकॉमच्या काही कार्डांचा ड्रायव्हर खुला नसतो, म्हणून तो लिनक्सवर आपण वेगळा बसवायचा असतो.

आता ड्रायव्हर आणायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला ड्रायव्हर हवा! यावर तोड मोबाईलची. चार्जिंगच्या वायरने फोन लॅपटॉपला जोडायचा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करायचं. आमची पहिली वायर नुसती चार्जिंगची निघाली, तिने काहीच होईना. अर्धा तास त्यातच गेला. शेजारच्या वहिनींची वायर आणली आणि नेट आलं.

मग मेनूत ड्रायव्हर मॅनेजर उघडलं, पासवर्ड दिला. ब्रॉडकॉमच्या नावापुढे शिफारस केलेला ड्रायव्हर दिसला, तो निवडला. उतरून बसेपर्यंत चहा झाला. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला, तर कोपऱ्यात वायफायची खूण आली आणि यादीत ग्रामपंचायतीचं नाव!

बिल त्याच संध्याकाळी गेलं. कार्डाचं नाव आम्ही हजेरीवहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय. त्याच्याखाली लिहिलंय, वायर वहिनींकडे.