पीक डिस्ट्रिक्टमधला नाताळ आणि अण्णांची वाट

आजचा एपिसोड नाताळच्या सुट्टीचा. इंग्लंडमध्ये 25 डिसेंबरला ट्रेन धावत नाहीत, बहुतेक दुकानं बंद, शहर एकदम ओस. गावाहून आलेल्या आई-अण्णांना मँचेस्टरच्या फ्लॅटमध्ये कोंडून काय ठेवायचं? म्हणून आम्ही पीक डिस्ट्रिक्टमध्ये, कॅसलटनजवळ, पाच दिवस एक दगडी कॉटेज घेतलं.

तुम्ही कधी गेलात तर दोनच गोष्टी सांगते. सामान 24 तारखेलाच भरा. आणि फिरायला सकाळी निघा, चारच्या आत सूर्य मावळतो.

आईनं शेकोटीजवळची खुर्ची पकडली ती सोडलीच नाही. एक दिवस बेकवेलला जाऊन तिथलं प्रसिद्ध पुडिंग खाल्लं. आईच्या मते फार गोड. बास, पुढे.

अण्णा मात्र रोज माझ्यासोबत चालायचे. तिकडे पायवाटा सरळ लोकांच्या शेतातून जातात. खांबावर पिवळा बाण, कुंपणावरून चढून जायला लाकडी पायऱ्या, आजूबाजूला मेंढ्या. पहिल्याच दिवशी अण्णा थबकले. "कुणाचं रान हाय हे? मालक हटकत न्हाई व्हय?"

हा प्रश्न साधा नव्हता. साताऱ्याकडे आमच्या रानाची वाट शेजाऱ्यानं तीन वर्षांपूर्वी तारा मारून बंद केली. आजोबांच्या काळापासूनची वाट! तेव्हापासून ऊस डोक्यावरून रस्त्यापर्यंत आणावा लागतो, कारण ट्रॉली आत जातच नाही. 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली अर्ज केलाय, तारखा पडतायत. इकडे येण्याआधी अण्णा आईला म्हणाले होते, "इकून टाकू ते रान."

मी मोबाईलवर नकाशा उघडला. हिरव्या तुटक रेषा म्हणजे हक्काच्या पायवाटा. त्या मालकाला अडवता येत नाहीत. तिथल्या 1980 च्या कायद्यानुसार लोक एखाद्या वाटेनं 20 वर्षं हक्कानं, विनाअडथळा चालले, तर ती सार्वजनिक वाट मानली जाते, मालकानं तसा इरादा नव्हता हे दाखवलं नाही तर. अण्णा लगेच म्हणाले, "आपल्याकडं पण ईसच वर्सं हायती की." खरंच आहे, आपल्या 1882 च्या सुविधाधिकार कायद्यातही वहिवाटीला 20 वर्षंच लागतात. वकिलानं त्यांना ते पाठ करून दिलंय.

26 तारखेला मॅम टॉरवर चढलो. 517 मीटर उंच, वारा असा की टोपी हातात धरावी लागते. या डोंगराची एक बाजू सतत घसरते, म्हणून खालचा डांबरी रस्ता 1979 मध्ये कायमचा बंद केला. मोडलेल्या डांबराचे थर अजून तसेच पडलेत. अण्णा ते बराच वेळ बघत राहिले.

वरून समोर किंडर स्काउटचं पठार दिसतं. तिथं जमीनदार शिकारीसाठी पक्षी राखायचे आणि लोकांना येऊ द्यायचे नाहीत. 24 एप्रिल 1932 ला शेकडो तरुण कामगार मुद्दाम त्या पठारावर घुसले. पुढे होता बेनी रॉथमन, वय फक्त 20. पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे 1951 मध्ये हाच भाग ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला. आणि अशा मोकळ्या माळांवर कुठंही चालायचा हक्क यायला 2000 सालचा कायदा लागला.

मी भारावून सांगत होते. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी ह्यांना बी भांडावंच लागलं. पण पोरी, ही वाट नुसती चालायची. हितनं ट्रॉली जाईल का?"

नाही जाणार. फूटपाथचा हक्क पायी चालण्यापुरताच असतो. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आम्ही थर्मासमधला चहा प्यायलो आणि अंधार पडायच्या आत उतरलो.

कॉटेजवर आल्यावर त्यांनी आईसमोरच वकिलांना फोन लावला. भारतात तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. वकील वैतागले असणार! पण पुढची तारीख फेब्रुवारीत आहे हे कळलं, आणि अण्णांनी सांगितलं, "मी सोता येतो."