शरदातली वाडी

कोकणातली वाडी पाहायला लोक मे महिन्यात जातात, आंब्यासाठी. माझ्या मते त्यांची वेळ चुकते. वाडीत जावे ते भाद्रपद सरता सरता. पाऊस अजून पुरता गेलेला नसतो. एखादी सर येते, माडाच्या झावळ्या भिजवते न भिजवते तोच लख्ख ऊन पडते. गढूळ समुद्र निवळू लागतो. कुंपणाशी तेरडा फुललेला, मांडवावरून पडवळे लोंबताहेत, पहाटे अंगणात प्राजक्ताचा सडा. वेलावरचे तवसे काढावे, मीठ लावून तिथेच खावे. ताटात वाढलेल्या काकडीला ती चव नाही हो!

पण खरी मौज पोफळीखालची. चाळीस-पन्नास फूट उंच सरळसोट खोडे, वर शेंडे एकमेकांना भिडलेले. ऊन कसे गाळून खाली येते. श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या किती तरी वाड्यांतली ही सावली ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळाने एका दिवसात मोडली. त्या वर्षीच्या शरदात तिथे जमिनीवर उघडे ऊन. नवी लागवड करावी, तर पोफळीच्या कोवळ्या रोपाला मुळात सावलीच हवी! म्हणून आधी केळी लावायच्या आणि त्यांच्या आडोशाला पोफळ. फळ धरायला पाच-सात वर्षे. शेंडे भिडायला त्याहून अधिक.

तिकडे गेलात तर वाडीवाल्याला सुपारीचा भाव नंतर विचारा. आधी म्हणावे, केळीआडची रोपे दाखवा. हातातले काम टाकून दाखवील.