पेटी गप्प, माणूस बोलका

मी रायपूरहून बोलतोय. आमच्या शहरात 'मी घरी स्पीकर बनवतो' असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: 'किती वॉटचा?' त्यात नवल नाही. गणपतीच्या झांक्या, लग्नाच्या वराती, गाडीवर रचलेला डीजे, धुमाल. आवाज म्हणजे छाती हादरली पाहिजे, अशी सवय आम्हाला लागली आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. बिलासपूरच्या उच्च न्यायालयानं डीजेच्या गोंगाटाची स्वतःहून दखल घेतली आहे. मी आज अगदी दुसऱ्या टोकाबद्दल बोलणार आहे. चार इंचांचा एकच ड्रायव्हर, घरी जोडलेली प्लायवूडची पेटी आणि त्यातून येणारा माणसाचा आवाज.

एकच कागदी कोन जेव्हा खालपासून वरपर्यंतचे सगळे सूर काढतो, तेव्हा त्याला फुल-रेंज ड्रायव्हर म्हणतात. आपल्या आजी-आजोबांच्या व्हॉल्व्ह रेडिओत बहुतेक वेळा असा एकच स्पीकर असे. पुढे मोठ्या आवाजासाठी वूफर वेगळा, ट्वीटर वेगळा अशी वाटणी झाली. या दोघांत काम वाटून देणारं सर्किट म्हणजे क्रॉसओव्हर. तो साधारण दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपास असतो. आता गंमत बघा. शब्द ओळखू येतात ते बरेचसे व्यंजनांमुळे, आणि व्यंजनांची ओळख याच पट्ट्यात असते. क्रॉसओव्हर नीट जमला तर उत्तमच, पण घरी तो जमवायला मोजमापाची साधनं लागतात. फुल-रेंजमध्ये तिथं सांधाच नसतो.

याची किंमत मोजावी लागते, तीही सांगतो. तेवढाच मोठा आवाज एक सप्तक खाली हवा असेल तर कोनाला चौपट हलावं लागतं. चार इंचांचा कोन फार तर काही मिलिमीटर हलतो. म्हणजे ढोल त्याच्याकडून मागायचा नाही. दुसरं, चार-पाच हजार हर्ट्झच्या वर त्याचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा समोरच जातो. म्हणून ड्रायव्हरची उंची बसल्यावर कानाशी येईल अशी ठेवायची.

आता पेटी. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा घुमावा म्हणूनच असतो. स्पीकरच्या पेटीचं उलट आहे. तिच्या फळ्यांनी गप्प बसायचं असतं. फळी गायला लागली की प्रत्येक गायकाला तिचा सूर चिकटतो. म्हणून मी १८ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय घेतो. एमडीएफ कापायला सोपं असतं, पण आमच्या पावसाळ्यात कडा उघड्या राहिल्या तर फुगतं. आत एक आडवी पट्टी मारतो आणि बोटाच्या पेरानं ठोकून बघतो. 'ठक्' असा कोरडा आवाज आला पाहिजे.

समजा तुमच्या ड्रायव्हरला दहा लिटरची पेटी हवी आहे. आतली मापं १८ × २० × २९.५ सेंटिमीटर ठेवा. हे साडेदहा लिटरच्या थोडं वर जातं. ड्रायव्हर आणि नळी उरलेली जागा खातात. तिन्ही मापं वेगळी ठेवायची, म्हणजे आतली हवा एकाच सुरात घुमत नाही. पाच सेंटिमीटर आतल्या व्यासाची पीव्हीसी नळी सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब कापून बसवली, की पेटी ६० हर्ट्झच्या आसपास लागते. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर जे होतं, तेच इथं होतं. ही बास-रिफ्लेक्स युक्ती अल्बर्ट थुरास यांनी बेल लॅबोरेटरीजमध्ये असताना काढली, पेटंट १९३२चं. अंदाजपंचे कापाकापी मात्र थांबली ती नेव्हिल थील यांच्या १९६१च्या ऑस्ट्रेलियातल्या निबंधानं आणि नंतर रिचर्ड स्मॉल यांच्या कामानं. ड्रायव्हरच्या कागदावर एफएस आणि क्यूईएस असे दोन आकडे असतात. पहिल्याला दुसऱ्यानं भागा. उत्तर पन्नासच्या आसपास किंवा कमी आलं तर बंद पेटी करा. शंभरच्या जवळ असेल तर नळीची. कागदच मिळत नसेल, तर तो ड्रायव्हर घेऊ नका.

आणखी एक गोष्ट नवशिक्यांना छळते. पेटीचं तोंड साडेएकवीस सेंटिमीटर रुंद असेल, तर सुमारे ५०० हर्ट्झच्या वरचा आवाज पुढे फेकला जातो आणि खालचा वळसा घालून मागे पसरतो. मग पुरुषाचा आवाज पातळ, नाकातला वाटतो. उपाय दोन. पेटी भिंतीजवळ सरकवा. नाहीतर ४ ओहमचा रेझिस्टर आणि सुमारे १.२ मिलिहेन्रीची कॉइल एकमेकांना समांतर जोडून ती जोडी ८ ओहमच्या ड्रायव्हरच्या एका वायरमध्ये घाला. आवाज थोडा कमी होतो, पण भरतो.

एवढा खटाटोप कशासाठी? माझ्या वडिलांना ऐकू कमी येतं. घरात आईच्या आवाजातली एक जुनी कॅसेट आहे. हरतालिकेची कहाणी सांगतेय. मोठ्या होम थिएटरवर ती लावली की घुमारा यायचा, वडील मान हलवायचे, पण ऐकत नव्हते. या पेटीवर, दोन-तीन वॉटमध्ये, त्यांना तिचे शब्द कळतात. मुलं हिंदी माध्यमात शिकलेली. त्यांनी आजीला पाहिलेलं नाही. ती 'कहाणी' म्हणताना 'ण' कसा म्हणायची, हे त्यांना तिच्याच तोंडून ऐकायला मिळतं. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या घरांत ही छोटी गोष्ट नाही. तुमच्याकडेही अशी एखादी कॅसेट कपाटात पडलेली असेल.

करून बघायचं असेल तर आधी एकच पेटी करा. कोनाच्या कडेला फोम नको, रबर किंवा कापड बघा. दमट हवेत फोम लवकर कुजतो. आत उशीत भरतात तो कृत्रिम कापूस मागच्या आणि बाजूच्या फळ्यांना लावा, नळीचं तोंड मोकळं ठेवा. सगळे सांधे आतून फेव्हिकॉलनं बुजवा. हवा फटीतून गेली की सगळा हिशेब चुकतो. आणि परीक्षा गाण्यावर घेऊ नका. पंखा पूर्ण वेगात लावा, मराठी बातम्या हळू आवाजात सुरू करा आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा, काय सांगितलं? त्यांनी बातमी बरोबर सांगितली, की दुसरी पेटी कापायला घ्या.