अंगणातली सीतेची वेणी

माझी लेक चिपळूणला दिली. तिच्या सासरच्या परसात फणसाची फांदी पावसात मोडली. तिच्यावर सीतेची वेणी होती. ही एक आमरी, म्हणजे ऑर्किड. लेक ते रोप माहेरी उमरखेडला घेऊन आली. मी कौतुकानं कुंडीत, आपल्या काळ्या मातीत लावलं. महिन्याभरात मुळं कुजली; दोनच उरली.

मग कळलं, ही झाडावर राहते, पण बांडगुळासारखी त्याचं खात नाही. मुळांवरचं पांढरं, स्पंजासारखं आवरण पावसाचं पाणी टिपून घेतं. रोप आंब्याच्या खोडाला सुतळीनं बांधलं. कोकणात हवेतच ओल. इथं मे महिन्यात पारा ४४ अंशांवर. म्हणून उन्हाळ्यात दोन वेळा पाण्याचा फवारा, हिवाळ्यात हात आखडता. भिजलं मूळ हिरवट दिसतं. पांढरं झालं की तहान लागली समजावं.

विदर्भाच्या पानझडी रानातही वांदा ही आमरी तग धरते. पण ती रानातून ओरबाडून आणू नये. रोपवाटिकेतलं रोप घ्यावं.

चौथ्या वर्षी, मे संपताना, पांढऱ्या-जांभळ्या फुलांचा घोस लोंबला. आसामात बिहूला मुली हाच केसांत माळतात. लेकीला फोन केला.

"अब्बा, रुळली का ती?"

"रुळली, बेटा. आणि तू?"

ती जरा थांबून "हो" म्हणाली. रोपाची तहान मी रोज पाहत होतो. हा प्रश्न मात्र चार वर्षांनी सुचला.