जुन्या फियाटचा संसार



‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ही म्हण ज्यानें रचली त्याच्या काळीं मोटारी नव्हत्या. असत्या तर ‘जुनी मोटार पाहावी घेऊन’ हें तिसरें चरण त्यानें खचित जोडलें असतें. त्यांतहि ती मोटार मूळची इटालियन, वयानें पोक्त आणि किंमतीनें स्वस्त असेल, तर घर आणि लग्न या दोहोंचाहि अनुभव माणसाला एकदमच मिळतो. २०१२ सालापासून मी असा संसार करीत आहें. त्यांतील सुख आणि त्यांतील धोके यांचा जमाखर्च आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

कोणी म्हणेल, तुमची गाडी तर कुर्ल्याची. तिला इटालियन कशी म्हणतां? जन्म कुर्ल्याचा हें खरें, पण कुळ तूरिनचें आहे. तूरिन हें आल्प्स पर्वताच्या पायथ्याशीं वसलेलें उत्तर इटलींतील शहर. तेथें १८९९ सालीं फियाट कंपनी स्थापन झाली. तिनें १९५३ सालीं ‘अकराशें’ या नांवाची एक नवी मोटार काढली. एंजिनाची क्षमता १०८९ घन सेंटिमीटर, म्हणजे अकराशेंच्या आंतबाहेर, म्हणून हें नांव. इकडे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली होती. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून ही अकराशें बाहेर पडूं लागली, आणि तिच्या गोल पाठीकडे पाहून मुंबईकरांनीं तिचें ‘डुक्कर फियाट’ असें बारसें केलें. पुढें १९६२ सालीं तूरिनला ‘११०० डी’ निघाली. तीहि कुर्ल्यास आली, आणि १९७० नंतरच्या दशकांत तिचें नांव ‘प्रीमियर पद्मिनी’ झालें. इटलींत अकराशेंचें उत्पादन १९६९ सालीं बंद पडलें; कुर्ल्यांत तें शतकाच्या अखेरीपर्यंत चाललें. माहेरीं मोडलेली रीत सासरीं तीस वर्षें निष्ठेनें पाळली गेली! मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपानें तर ती घरोघर ठाऊक झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ सालीं नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळें ३० ऑक्टोबर २०२३ पासून तीहि रस्त्यावरून उठली.

माझा आणि या गाडीचा संबंध मात्र टॅक्सीमुळें जुळलेला नाहीं. १९७९ सालीं माझ्या वडिलांनीं या गाडीसाठीं पैसे भरून नांव नोंदविलें होतें. त्या काळीं नंबर लागेपर्यंत वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. कंपनीचें पत्र आलें तें नेमकें माझ्या बहिणीचें लग्न ठरलें त्या वर्षीं. वडिलांनीं पत्र दोनदां वाचलें, घडी करून पंचांगांत ठेवलें आणि नंबर सोडून दिला. त्याविषयीं ते पुन्हां कधीं बोलले नाहींत. पुढें मी मिळवता झालों, नव्या गाड्या घेतल्या, विकल्या. पण त्या पत्राची घडी मनांतून गेली नाहीं. तेव्हां एका परिचितांकडे १९८६ सालची पद्मिनी पडून आहे असें कळतांच, एका चांगल्या फ्रीजला पडावी तेवढ्या किंमतींत मीं ती घेतली. इतकी स्वस्त वस्तु पदरांत पडल्याचा आनंद मला सुमारें पंधरा दिवस पुरला.

प्रथम सुखाची बाजू सांगतों. इटलींत मोटारीवरचा कर बराच काळ एंजिनाच्या क्षमतेवर आकारला जाई, आणि पेट्रोलहि महाग असे. शिवाय तेथील जुन्या शहरांतल्या गल्ल्या अरुंद, आणि शहराबाहेर पडावें तों आल्प्स किंवा ॲपेनाइन्सचे घाट. म्हणून तेथील कारागिरांनीं एंजिन लहान ठेवलें, गाडी हलकी केली, आणि लहान एंजिन वेगानें फिरून आपलें काम उरकील अशी योजना केली. ही प्रकृति अकराशेंतहि उतरली आहे. ती जोरांत पळत नाहीं. पण मनापासून पळते. तिचें चाक हातांत धरलें कीं रस्त्याचा प्रत्येक खडा हाताला कळतो. गियरचा दांडा पायांपाशीं नसून चाकाच्या दांड्यालाच जोडलेला. त्यामुळें पुढची बैठक सलग, आणि लहान मूल मध्यें बसवून तिघें आरामांत बसतात. या दांड्याचेंहि एक शास्त्र आहे. पहिला गियर गाडी पूर्ण थांबल्याखेरीज घालूं नये. घातला तर आंतून जो आवाज येतो तो ऐकून शेजारचा माणूस आपल्याकडे करुणेनें पाहतो.

दुसरें सुख असें, कीं या गाडीला लपवाछपवी ठाऊक नाहीं. एंजिनावरचें झांकण उचललें कीं सगळा प्रपंच डोळ्यांपुढें उघडा. हा कार्बोरेटर, हा पेट्रोलचा पंप, हा डिस्ट्रिब्यूटर, ह्या त्याच्या चार तारा. प्लगमधील फट आणि पॉइंटमधील फट बरोबर ठेवली, पाणी, तेल आणि ग्रीस वेळच्या वेळीं दिलें, कीं ती चालते. आजच्या गाडीचें दुखणें संगणक लावून वाचावें लागतें. हिचें कानानें कळतें. एकदां वैशाखांत भर दुपारीं पनवेलजवळ गाडी बंद पडली. मी हताश होऊन उभा असतांना एक वयस्क टॅक्सीवाले थांबले, त्यांनीं माझ्या हातांतला रुमाल घेतला, पाण्यांत भिजविला आणि पेट्रोलच्या पंपावर ठेवला. ‘दहा मिनिटं थांबा, साहेब. तापली आहे.’ दहा मिनिटांनीं गाडी चालूं झाली. उष्णतेनें पंपांत आणि नळींत पेट्रोलची वाफ होते, आणि वाफ पंपाला ओढतां येत नाहीं. गारवा मिळाला कीं तिचें पुन्हां पेट्रोल होतें. हें पदार्थविज्ञान मीं शाळेंत शिकलों होतों, पण समजलें तें पनवेलला. तेव्हांपासून गाडींत पाण्याचा एक डबा आणि एक जुना पंचा कायम असतो.

आतां धोक्यांकडे वळूं. पहिला शत्रु गंज. पूर्वीच्या पुष्कळ मोटारींना खालीं जाड लोखंडी सांगाडा असे आणि त्यावर वरचें अंग बसविलेलें असे. अंगाचा पत्रा गंजला तरी सांगाडा शाबूत राही. अकराशेंत असा वेगळा सांगाडा नाहीं. तिचें पत्र्याचें अंग हाच तिचा सांगाडा. म्हणून दाराखालची पट्टी किंवा पायांखालचा पत्रा गंजला, तर तो कातडीचा रोग नव्हे, तें हाडांचें दुखणें समजावें. इटालियन मोटारींची या बाबतींत अपकीर्ति जगभर झाली. नेपल्सजवळच्या कारखान्यांत आल्फा रोमिओ कंपनीनें १९७२ पासून ‘आल्फासूद’ ही गाडी बनविली. वळणावरच्या तिच्या चालीची वाखाणणी झाली, पण तीच गाडी गंजण्याबद्दल बदनाम झाली. लान्चिया कंपनीच्या ‘बेटा’ या गाडींत एंजिनाला आधार देणारी चौकट जेथें जोडलेली असते तेथेंच गंज धरूं लागला. १९८० सालीं ब्रिटनमध्यें त्यावरून इतका गवगवा झाला, कीं कंपनीला पुष्कळ गाड्या ग्राहकांकडून परत विकत घ्याव्या लागल्या. दोन्ही गाड्या चालविणाऱ्यांना प्रिय होत्या. पण पत्र्यानें प्रेमाची कदर केली नाहीं.

तेव्हां आपणांपैकीं कोणाला असा मोह झालाच, तर गाडी पावसाळ्यानंतर आणि दिवसाउजेडीं पाहा. वरच्या रंगाकडे पाहूं नका. पायांखालचें जाजम उचला. लहानशा हातोडीनें पत्रा ठोका. खणखणीत आवाज आला तर पत्रा आहे. बद्द आला तर गंज किंवा लांबी आहे. फडक्यांत गुंडाळलेलें लोहचुंबक अंगावरून फिरवा. जेथें तें चिकटत नाहीं तेथें लोखंड संपून लांबी सुरू झाली. एंजिनाचें तेल दुधाळ दिसलें तर त्यांत पाणी शिरत आहे. मागून निळा धूर निघाला तर एंजिन पेट्रोलबरोबर तेलहि पीत आहे. विकणारा पुढें उभा असतांना हें सगळें करण्याचा संकोच वाटतो. पण मुलगी पाहावयास गेल्यासारखें येथें खालमानेनें पोहे खाऊन उठूं नये.

मीं स्वतः मात्र पोहे खाऊनच उठलों होतों. त्याचें प्रायश्चित्त कसें मिळालें, तें सांगणें माझें कर्तव्य आहे.

गाडी घरीं आणल्यावर ज्या कारागिराकडे ती नेली, तो थोडें बोलणारा माणूस. त्यानें सगळी पाहणी करून एवढेंच सांगितलें, ‘साहेब, आधीं ब्रेकचीं रबरं बदलूं. रंग मागून.’ माझ्याजवळ त्या महिन्यांत दोन्हींपैकीं एकाच कामाचे पैसे होते. वडिलांना गाडी दाखवावयाची होती. ती जुनाट, पोपडे आलेली दाखवावी हें मला रुचेना. मीं रंग पसंत केला. हस्तिदंती रंग लागला, गाडी नवरीसारखी दिसूं लागली, आणि एका रविवारीं वडिलांना शेजारीं बसवून मी पुण्याहून जुन्या रस्त्यानें खोपोलीकडे निघालों. वडील तेव्हां ऐंशींच्या पुढें होते. वाटेंत ते फारसें बोलले नाहींत; पण उजवा हात त्यांनीं समोरच्या फळीवर ठेवला होता आणि तो तेथून काढला नव्हता.

खंडाळ्याच्या पुढें उतार लागला. दुसऱ्या कीं तिसऱ्या वळणावर मीं ब्रेक दाबला आणि पाय थेट तळाला गेला. पुन्हां दाबला, तोच प्रकार. या गाडीच्या चारहि चाकांना एकाच ठिकाणाहून, एकाच मार्गानें तेलाचा दाब पोंचतो. एका चाकाशीं गळती झाली कीं चारहि चाकांचा ब्रेक जातो. नव्या गाड्यांत असे दोन स्वतंत्र मार्ग असतात, म्हणून एक गेला तरी दुसरा उरतो. हें ज्ञान मला पुढें झालें. त्या क्षणीं एवढेंच सुचलें, कीं दांडा ओढून गियर खालचा घालावा. एंजिन ओरडलें, वेग थोडा मोडला; हातब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारांत घातली. डावा पंखा कातळाला घासत गेला आणि आम्ही थांबलों. समोरून येणारी मालमोटार जवळून निघून गेली. कोणाला खरचटलेंहि नाहीं.

बराच वेळ आम्ही दोघे तसेच बसून राहिलों. मग वडील म्हणाले, ‘रंग मात्र चांगला दिलास हो.’ त्यांच्या स्वरांत राग नव्हता. म्हणूनच तें वाक्य मला आजवर पुरलें आहे. मागच्या चाकाच्या ब्रेकमधील रबराची एक वाटी फाटून तेल गळून गेलें होतें. ती बदलण्यास जो खर्च येणार होता, तो माझ्या रंगाच्या खर्चाचा एक लहानसा अंश होता.

या गाडींत इतरहि उणिवा आहेत, आणि त्या प्रेमानें झांकतां येत नाहींत. टक्कर झाल्यास चाकाचा दांडा छातीवर येऊं नये अशी आजच्यासारखी सोय तिच्यांत नाहीं. माझ्या गाडीला मीं पुढें-मागें पट्टे बसवून घेतले. पण पट्टा लावल्यानें जुनी गाडी नवी होत नाहीं. पेट्रोलमध्यें आतां वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा यांना तें मानवत नाहीं. शिवाय तें ओलावा शोषतें. नळी चिरली आणि पेट्रोल तापलेल्या लोखंडावर ठिबकलें, तर पुढें काय होईल हें सांगावयास नको. म्हणून नळ्या नव्या जातीच्या घालाव्या आणि आग विझविण्याचें लहान नळकांडें हाताशीं ठेवावें. कायद्याचेंहि भान हवें. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यापुढें दर पांच वर्षांनीं तपासणी करून ती नवी करावी लागते. पन्नास वर्षांवरील गाड्यांना २०२१ सालापासून ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळूं शकते. पण तशी नोंदविलेली गाडी रोजच्या वापराला चालत नाहीं.

मग जमाखर्चाची बेरीज काय? स्वस्त गाडी स्वस्त नसते. तिची उरलेली किंमत हप्त्यांनीं द्यावयाची असते, एवढाच फरक. ज्याला रोज ठरल्या वेळीं कचेरींत पोंचावयाचें आहे, ज्याच्या घरीं ही एकच गाडी आहे, त्यानें या वाटेस जाऊं नये. ज्याच्यापाशीं थोडा पैसा, बराच वेळ आणि हात काळे करून घेण्याची हौस आहे, त्यानें खुशाल जावें. पण क्रम चुकवूं नये. प्रथम ब्रेक, मग टायर, मग चाकाचे सांधे आणि पेट्रोलच्या नळ्या, मग एंजिन, आणि सर्वांच्या शेवटीं रंग.

ब्रेकचें काम पुरें झाल्यावर तीन आठवड्यांनीं मीं वडिलांना विचारलें, पुन्हां येतां का? त्यांनीं चपला घातल्या आणि ते गाडींत जाऊन बसले. त्यानंतर पांच वर्षें, प्रकृति होती तोंवर, आम्ही बहुतेक रविवारीं हिंडलों, घाटांतूनहि गेलों. डाव्या पंख्यावरचा तो ओरखडा मीं अजून रंगविलेला नाहीं. पैसे नाहींत म्हणून नव्हे; गाडी बाहेर काढतांना तो दिसला, कीं आधीं ब्रेक दाबून पाहण्याची आठवण होते.