अम्माचे राहिलेले चार रोजे

नवस आणि मन्नत हे दोन्ही शब्द आमच्या घरात सारखेच चालत. अम्मा शेजारणीशी बोलताना 'नवस' म्हणे, जानमाजवर बसली की 'मन्नत'. धर्मशास्त्रातला शब्द 'नज्र'. जी गोष्ट आपल्यावर बंधनकारक नव्हती, ती अल्लाहसाठी करीन असं एकदा बोललं, की ती बंधनकारक होते. कुरआनाच्या ७६ व्या सूरेत सज्जनांची कृत्यं सांगताना पहिला मान नवस फेडण्याला आहे. भुकेल्याला जेवू घालणं त्यानंतर येतं.

गंमत अशी, की पैगंबरसाहेबांनी नवस बोलायला मात्र उत्तेजन दिलं नाही. नवसानं नशीब पालटत नाही, कंजुषाच्या हातून चार पैसे सुटतात एवढंच, अशा आशयाची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. मला ती फार आवडते. पोरगा पास झाला तर बकरा कापीन, असं आपण म्हणतो. म्हणजे तो नापास झाला तर गरिबांनी उपाशी राहायचं का?

अबू इस्राईल नावाच्या एका गृहस्थानं नवस केला होता : उन्हात उभा राहीन, बसणार नाही, सावलीत जाणार नाही, कुणाशी बोलणार नाही आणि रोजा धरीन. पैगंबरसाहेबांनी निरोप दिला, त्याला म्हणावं बोल, सावलीत ये, बस आणि रोजा तेवढा पुरा कर. देहाला उगाच छळण्यात कसली आली भक्ती? नवसाच्या बकऱ्याचंही तसंच. हनफी मताप्रमाणे ते मटण गोरगरिबांचं. नवस करणाऱ्यानं त्यातला तुकडा खायचा नाही. आमच्याकडच्या कंदुरीत हे किती जण पाळतात, ते विचारू नका.

अब्बांच्या ऑपरेशनच्या वेळी अम्मानं अकरा रोजांचा नवस बोलला होता. अब्बा बरे झाले. तिचे सात रोजे झाले आणि तीच गेली. राहिले चार. आता ते कुणी फेडायचे?

आम्ही घाटावरचे, हनफी. आमच्या मौलवीसाहेबांनी सांगितलं, एकाचा रोजा दुसऱ्याला धरता येत नाही. एकेका रोजामागे एका गरिबाला दोन वेळ जेवू घाला. बहीण दिली रत्नागिरीकडे. कोकणातले मुसलमान शाफई. तिकडे तिला सांगितलं गेलं, की वारसानं रोजे धरले तरी चालतात. आधार हदीसचाच : आईचे नवसाचे रोजे राहिलेत, असं विचारायला आलेल्या बाईला पैगंबरसाहेबांनी ते तू धर, असं सांगितलं होतं.

बहिणीनं वैशाखात चार रोजे धरले. मी चार माणसांना दोन्ही वेळ जेवू घातलं. अम्माचं देणं नेमकं कुणाकडून फिटलं, यावरून ईदला आमचा अजून वाद होतो.