उन्हाळ्यापुरता आकडा

(कोराडी येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

अध्यक्ष महाराज, आणि कूलरच्या वाऱ्यासाठी का होईना पुढे येऊन बसलेले श्रोतेहो,

पत्रिकेत विषय छापलाय ‘योगसाधनेचे तात्त्विक अधिष्ठान’. पुरुष-प्रकृती, पंचक्लेश वगैरे इथं सगळ्यांना ठाऊकच आहे, तेव्हा त्यात शिरत नाही. (हशा) नसेल ठाऊक तर कोल्हटकरांचं ‘भारतीय मानसशास्त्र’ वाचा. उन्हाळ्याची सुटी पुरेल एवढं जाड आहे. माझं म्हणणं एकच. योगाच्या आठ अंगांत आसन तिसरं, आणि आपण पहिले दोन मजले न बांधताच तिसऱ्यावर राहायला गेलोय. पतंजलींच्या १९५ सूत्रांत – कुणी १९६ मोजतात – आसनाला मिळाली जेमतेम तीन. पहिलं अंग यम: अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. म्हणजे दुसऱ्याशी वागायचं कसं. इथून जवळच सेवाग्रामला गांधीजींची एकादश व्रतं रोज म्हटली जायची, त्यांत हे पाचही आहेत.

आता अस्तेय. कोराडीत १९७४ पासून वीज तयार होते. मी नोकरीभर त्याच विजेच्या मागे होतो, पण चोरी पकडणाऱ्या बाजूनं. तेव्हा वीज मंडळ होतं. एकदा भल्या पहाटे आमचं भरारी पथक एका घरी गेलं. गाव सांगत नाही, जिल्ह्यातलंच. खाली पंखा गरगर फिरतोय, आणि मीटरची चकती ढिम्म. चित्तवृत्ती थांबवायला लोक जन्म घालवतात, यानं मीटरची थांबवली होती! (हशा) स्लॅबवर गेलो तर मालक शीर्षासनात. पाय सरळ, कंप नाही, आणि हातभर अंतरावर तारेवर टाकलेला आकडा. माणूस उलटाच बोलला, “दोन मिनिटं थांबून जा ना साहेब, आसन करून राहिलो.” आम्ही थांबलो. खाली उतरल्यावर म्हणतो, “उन्हाळ्यापुरताच टाकला जी. पावसाळ्यात काढूनच टाकतो.”

हसताय, पण हे वाक्य पतंजलींनी आधीच ऐकलं होतं. जात, स्थळ, काळ, प्रसंग यांची सवलत न घेता पाळले, तरच यम महाव्रत होतात, असं ते म्हणतात. व्यासभाष्यात मासे धरणाऱ्याचं उदाहरण आहे: मासे सोडून कशाचीच हिंसा करणार नाही, ही झाली जातीची सवलत. तीर्थक्षेत्री मारणार नाही, ही स्थळाची. आपल्याकडे जगदंबेच्या आवारात खोटं न बोलणारी माणसं काय कमी आहेत? फाटकाबाहेर आलं की जमिनीचा व्यवहार सुरू. नाही, नाही, कुणाकडे बघून बोललो नाही. (हशा) अस्तेय पक्कं झालं की रत्नं आपणहून जवळ येतात, असंही सूत्र आहे. पगारदार माणसानं त्यावर फार विसंबू नये.

मागून कुणी म्हणतंय, मी आसनांच्या विरुद्ध आहे. मुळीच नाही. १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम काढून कुवलयानंदांनी आसनं प्रयोगशाळेत तपासली, ते मोठंच काम. हठप्रदीपिकेत तर आसनच पहिलं अंग, हेही कबूल. पण नागपुरात जनार्दनस्वामींनी १९५१ साली योगाभ्यासी मंडळ काढलं, रामनगरात आजही ते आहे, आणि शिकवणीचे पैसे घेत नाही. आसनं तिथंही तीच हो! पण शिकवणाऱ्याचा अपरिग्रह शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी दिसतो, त्यावर वेगळं प्रवचन द्यावं लागत नाही. २१ जूनला मैदानावर रांगा लागतात, टी-शर्ट वाटतात, फोटो निघतात; त्यात यमांचं नावसुद्धा कुणी घेत नाही, माझी तक्रार ती आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली... दुसरी आहे म्हणे. पहिली मी पाठकोरी समजून त्यावर टिपण केलं. प्राणायामानं बीपीची गोळी सुटते का, असाही प्रश्न आलाय. ते डॉक्टरांना विचारा, माझं ऐकून गोळी सोडू नका. नियम, प्रत्याहार, धारणा, ध्यान सगळंच राहिलं. समाधी आयोजकांनी पुढच्या वर्षी ठेवावी, आणि वक्ता दुसरा बघावा. मला दिली तर मी पुन्हा यमांवरच बोलेन.